दुसऱ्या गिअरचा डोंगर

मला धक्का बसायला फारसं काही लागत नाही. भिंतीवरची पाल खाली पडली तरी मी कॉटवर चढतो. माझ्या विषयात कुणाला नव्वद मार्क पडले तर पेपर परत तपासायला मागतो. माझी बायको मंगल म्हणते, "तुमच्यात धक्के साठवायला जागाच नाही. येईल तो लगेच बाहेर पडतो." पण गेल्या सप्टेंबरात लातूर-नांदेड रस्त्यावर बसलेला धक्का काही बाहेर पडायला तयार नाही. वर्ष होत आलं. सकाळी दाराबाहेर पेपर उचलायला वाकलो की समोरच्या घराचं कुलूप दिसतं, आणि तो पुन्हा नव्यानं बसतो.

समोर रेवणअप्पा राहायचे.

लातूरच्या या कॉलनीत आम्ही सामान उतरवत होतो त्या दिवशीच त्यांची-माझी ओळख झाली. बुटके, रुंद, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, सदऱ्याच्या आत गळ्यात लिंग. मी एक पुस्तकांचं खोकं धरून उभा, आणि हे समोर येऊन विचारतात, "काय शिकिवता सर?"

"भूगोल."

"मग सांगा बरं, आता कुठं उभे हाव?"

"लातूरला."

"बालाघाटावर उभे हाव," ते म्हणाले, आणि खोक्याची दुसरी बाजू धरली.

मी हसलो. घरात गेल्यावर खोक्यातून पुस्तक काढून गुपचूप पाहिलं. अठरा वर्षं मी मुलांना 'बालाघाट डोंगररांग गोदावरी आणि मांजरा यांच्या दरम्यान आहे' हे वाक्य वाचून दाखवत होतो आणि पुढच्या ओळीवर जात होतो. परीक्षेत रिकाम्या जागा भरा, एक मार्क. त्या एका मार्काच्या डोंगरावर माझं घर आहे, माझी चूल आहे, मंगलनं तुळस लावली आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगायचं काम माझंच होतं, ही गोष्ट वेगळी.

अप्पा एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. तीस वर्षं स्टेअरिंग ओढून त्यांचा उजवा खांदा बोटभर खाली आला होता. आणि डावा हात बोलताना हवेत गिअर टाकायचा. आनंदाची गोष्ट असली की टॉप. भाऊबंदकीची असली की दुसरा. जावयाचा विषय निघाला की हात सरळ न्यूट्रलला यायचा.

त्यांचा बालाघाट माझ्या पुस्तकातला नव्हता. "सह्याद्रीतून ही रांग फुटती, नगरातून बीडात, तिथून आपल्याकडं, मग नांदेड, मग पार कर्नाटकाच्या अंगाला. हे तुमचं झालं," ते म्हणायचे. "आता माझं ऐका. रेणापूर सोडलं की तिसरा. अंबाजोगाईचा घाट उतरताना दुसरा, आन् ब्रेकवर पाय ठेवायचा न्हाई. उदगीरकडं हत्तीबेटाच्या पायथ्याला गाडी आपसूक मंद होती, बघा. डोंगर उंचीनं मोजू नका सर. ओढीनं मोजा."

उंचीनं मोजायला गेलं तर बालाघाटात फार काही हाताला लागत नाही, हे खरंच. माथे सपाट, कुणीतरी विळ्यानं कापल्यासारखे. शिखर म्हणावं असं शिखर नाही. पर्यटक लातूरला येतो तो ट्यूशनला आलेल्या पोराला भेटायला. पण अप्पांच्या तोंडून खरोशाची लेणी, कंधारचा किल्ला, हत्तीबेट ऐकलं की वाटायचं, आपण उगाच महाबळेश्वरला जाऊन भाड्याच्या घोड्यावर बसून आलो.

त्यांचा सगळ्यात लाडका डोंगर मात्र कुठल्याच यादीत नव्हता. अहमदपूर सोडून लोह्याकडं जाताना एक टेकडी लागायची, घोडमान. चरायला वाकलेल्या घोड्याची मान असते तशी. रस्ता तिच्या खांद्यावरून जायचा. त्यांचे जुने कंडक्टर एकदा चहाला आले होते, त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी. घोडमानेच्या माथ्यावर गेलं की अप्पा गाडी उभी करायचे आणि म्हणायचे, "इंजिन गरम झालंय. उतरा, पाय मोकळे करा. तिकडं बघा." इंजिनाला काही झालेलं नसायचं. एकदा एक माणूस भडकला.

"ओ ड्रायव्हर, कोर्टात तारीख हाय माझी!"

"तारीख पुढची मिळंल. हा उजेड न्हाई मिळणार," अप्पा म्हणाले.

त्यानं डेपोत तक्रार केली. पुढच्या आठवड्यात तोच माणूस गाडीत. माथा आला, अप्पांनी तक्रारीच्या भीतीनं गाडी तशीच पुढं काढली, तर हा मागून ओरडतो, "का हो, आज गरम न्हाई झालं का?"

कंडक्टरनं आणखी एक सांगितलं, पण ते अप्पा आत चहा आणायला गेल्यावर, आवाज खाली घेऊन. निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना अप्पा स्वतःच साहेबांच्या टेबलापुढं उभे राहिले आणि म्हणाले, मला गाडी नको, वर्कशॉपात टाका. का, ते सांगेनात. मग डेपोत बोलणं झालं की अप्पा प्यायला लागले. गळ्यात लिंग असलेला माणूस! मला ऐकूनच घाम फुटला. पुढं कधीतरी मी धीर करून विचारलं, "अप्पा, लोक असलं बोलत होते आणि तुम्ही गप्प?"

"बोलू द्या की. पिणाऱ्याला लोक रस्ता तरी सोडतात."

मी हसलो. अप्पा काय हजरजबाबी आहेत, हे मी स्टाफरूममध्ये चार जणांना सांगितलं.

त्यांच्या पत्नी आम्ही इथं राहायला येण्याआधीच वारल्या होत्या. एकुलती मुलगी महानंदा लोह्याला दिलेली. ती दर दोन महिन्यांनी यायची आणि तेच म्हणायची, "अप्पा, चला की आता माझ्याकडं." अप्पांचा हात न्यूट्रलला. "आपल्या घरात मी म्हणंल तवा निघतो. तुझ्या घरात मला न विचारता नेतील. माणसाचं सामान होतंय, बाई." ही एकच गोष्ट ते जिवापाड सांभाळत होते, आपलं घर आणि आपण ठरवलेला रविवार. तो रविवार म्हणजे मी. कारण तोवर अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी एक जुनी गाडी घेतली होती, आणि मला चालवायला शिकवलं ते अप्पांनीच.

पहिला धडा घराबाहेर, गाडी उभी, इंजिन चालू. "डोळे मिटा," अप्पा म्हणाले. "ऐका. ही पोटभर जेवलेली हाय. आता क्लच सोडा. आता ही कुरकुरायली." मी डोळे मिटून बसलो आणि पेट्रोल जाळत राहिलो. मंगल गॅलरीतून म्हणाली, "ध्यानच लावायचं होतं तर सतरंजीवर लावायचं!" पुढं मी चालवायला लागलो तेव्हा अप्पा शेजारी शांत, कधी कधी खरंच डोळे मिटलेले, आणि मधूनच, "सर, तिसरा पायजे होता, चौथ्यात आलाव." मी चकित व्हायचो. यांना न बघता कसं कळतं? "ती सांगती ना," ते म्हणायचे.

असे आमचे रविवार. अंबाजोगाईच्या घाटाच्या तोंडाशी त्यांनी बाटलीतलं पाणी अर्धं इकडं ओतलं, अर्धं तिकडं. "हे गोदावरीला, हे मांजरेला." मी मास्तरकीच्या आवाजात म्हणालो, "बरोबर. जलविभाजक." "आन् शेवटी?" मला आठवेना. मांजरा बिदरकडं जाते, तेलंगणात शिरते, एवढा वळसा घालून अखेर गोदावरीलाच मिळते. अप्पा म्हणाले, "तुमच्या पुस्तकात न्हाई का हे?" होतं. पुढच्याच पानावर.

आणि दरवर्षी उत्तरा नक्षत्रात वडवळचं बेट. आमच्याकडं एकट्या उभ्या टेकडीला बेट म्हणतात. हे माहीत नसताना मी एका मुलीचा मार्क कापला होता, ते पाप माझ्या नावावर आहेच. त्या पंधरवड्यात बेटावरच्या झाडपाल्यात गुण उतरतो असं मानतात. माणसं लांबून येतात, टेकडीवर हिंडतात आणि ओळखीचा पाला जागच्या जागी खातात. अप्पा पान तोडून बोटात चुरडायचे, नाकाशी न्यायचे, टोक चावायचे आणि मग सांगायचे, "हा अडुळसा. ही गुळवेल. ही खाऊ नका." मी शिक्षक असल्यामुळं सांगून होण्याआधी खाल्लेलं असायचं. एकदा जीभ अशी सुजली की दोन तास शब्द फुटेना. मंगलनं अप्पांना बाजूला घेऊन विचारलं, "अप्पा, हे झाड कुंडीत येतं का हो?"

रोज संध्याकाळी ते मला पेपर वाचायला लावायचे. "तुमच्या तोंडून बातमी खरी वाटती, सर." मी फुगायचो. तीन वर्षं मी संपादकीयासकट पेपर मोठ्यानं वाचला आणि एकदाही मनात आलं नाही की हा माणूस स्वतः का वाचत नाही. उलट मला वाटायचं, माझा आवाजच तसा आहे.

गेल्या सप्टेंबरात महानंदानं लोह्यात नवं घर बांधलं. घरभरणीचं बोलावणं आलं. अप्पा पाचेक वर्षं लोह्याला गेले नव्हते. गुडघ्याचं कारण सांगून मुलीलाच बोलावून घ्यायचे. आता टाळता येईना. आदल्या दिवशी ते माझ्याकडं आले.

"सर, तुमच्या गाडीनं जाऊ. वहिनी पण येऊ द्या. त्यांना घोडमान दाखवायची राहिलीय. पण जेवण झालं की लगीच परत. मुक्काम बिलकुल न्हाई."

"अहो, मुलीचं नवं घर. एक रात्र तरी..."

"नव्या घरात मला झोप लागत न्हाई."

सकाळी निघालो. त्या रस्त्याला माझं जाणं नव्हतंच. नांदेडला आमचं कुणी नाही, आणि काम निघालं तर मी रेल्वेनं जातो, कारण तिथं गिअर दुसरा माणूस टाकतो. अप्पा पुढं, मंगल मागं. पांढरंशुभ्र धोतर, धुतलेली टोपी, मांडीवर महानंदासाठी खव्याचा पुडा. अहमदपूर मागं पडलं तसे ते सरसावून बसले. रस्ता चौपदरी, गुळगुळीत, मध्ये कण्हेरीची रोपं.

"रुंद केलाय म्हणं रस्ता," अप्पा म्हणाले. "चांगलंय. आता दोन वळणं येतील. मग दुसरा टाका."

वळणं आली नाहीत. मला वाटलं, सरळ केली असतील. मग अप्पांनी उजवा हात उचलला, बोट समोर डावीकडं धरलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मी रस्ता सोडून त्यांच्याकडंच बघत राहिलो.

"बघा वहिनी. ही घोडमान. माथ्यावर ते एकटं झाड दिसलं का? तिथं उभं राहिलं की लोह्याकडचा सगळा मुलूख पायाखाली."

मी बोटाच्या दिशेनं पाहिलं.

तिथं आभाळ होतं. नुसतं आभाळ, आणि त्याच्याखाली एक खड्डा. खड्डा म्हणजे केवढा, आमची कॉलनी शाळेसकट आत मावली असती. तळाला हिरवं पाणी, कडेला खडीचे ढीग, पत्र्याचा उंच क्रशर, आणि पांढऱ्या धुरळ्यात उभे टिप्पर. रस्ता त्याच्या काठानं सरळ सपाट गेला होता. टेकडी छाटलेली नव्हती, अर्धी नव्हती. नव्हतीच.

आणि अप्पांचं बोट त्या रिकाम्या आभाळाकडं रोखलेलं, चेहऱ्यावर हसू.

आरशात मंगल दिसली. तिनं पदर तोंडावर दाबला होता. आमची नजर भेटली आणि दोघांना एकाच वेळी कळलं. पेपर. चुरडलेली पानं. मिटलेले डोळे. नव्या घरात न लागणारी झोप. तीन वर्षं रविवारी ज्यांच्या शेजारी बसून मी "अप्पा, काय देखावा आहे!" म्हणत होतो, त्यांना मी दिसत नव्हतो.

"दिसली का वहिनी?"

"दिसली अप्पा," मंगल म्हणाली. तिचा आवाज मी लग्नाच्या पंचवीस वर्षांत असा ऐकला नव्हता. "लई सुंदर हाय."

आता माझी पाळी होती. मी काय केलं असेल? सपाट रस्त्यावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. अप्पांना चढ लागावा म्हणून. इंजिन किंचाळलं. मागच्या टिप्परवाल्यानं हॉर्न मारला. मी तशीच रेटत राहिलो, आणि वर म्हणालो, "चढ अवघड आहे हो अजून!"

अप्पांचं बोट हळूहळू खाली आलं. त्यांनी डावा हात डॅशबोर्डवर सपाट ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला.

"सर, हे ओढणं न्हाई. तुम्ही तिला उगं रडवून ऱ्हायलाव." मग म्हणाले, "माझी पाठ सीटला टेकली न्हाई. चढ कुठं गेला?"

मी गाडी कडेला घेतली. क्रशरची घरघर काचेतून आत येत होती. अप्पांनी ती ऐकली, मान तिकडं वळवली. दार उघडून उतरले, गाडीला हात लावत पुढं आले आणि थांबले.

"डोंगर किती घेतलाय?"

"अप्पा..."

"भूगोलाचे मास्तर हाव ना? मग सांगा. खरं सांगा."

मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकाशिवाय भूगोल शिकवला. वर हातभर माती राहिलीय एका कडेला, म्हणालो. तिच्याखाली काळा दगड, मग विटकरी रंगाचा पट्टा, मग परत काळा, असे थर दिसताहेत. लाव्हा एकदा वाहून निवला, मग परत वाहिला, त्याचे. खाली पाणी आहे. झाड नाही. माथा नाही. काहीच नाही, अप्पा.

"विटकरी पट्टा," ते म्हणाले. "वरून कधी दिसला न्हाई तो." धुरळा त्यांच्या टोपीवर, विभूतीवर बसत होता. त्यांनी खिशातून रुमाल काढला, पण तोंड पुसलं नाही. तसाच मुठीत धरून उभे राहिले.

"तुम्हाला कळलं असंल," मग म्हणाले. "काचबिंदू. वर्कशॉपात गेलो तवाच कडंनं दिसणं जायलं होतं. पन्नास माणसं पाठीमागं बसवून मी कसा चालवू? उरलेलं तीन वर्षांखाली गेलं. महानंदाला न्हाई म्हाईत. तिला कळलं की माझं लातूरचं घर बंद. तेवढं आज सांभाळा, सर. पायऱ्या किती, जोडे कुठं, पाट कुणीकडं, हळूच सांगत चला. जेवलो की निघू."

मी हो म्हणालो. मंगलनं त्यांच्या टोपीवरचा धुरळा झटकला. ते तिला नको म्हणाले नाहीत.

पुढं गाडीत त्यांचा डावा हात मांडीवर गप्प पडून होता. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "हे झाल्याला किती दिवस झाले असतील?"

"दोन वर्षं तरी. पाणी साचून हिरवं झालंय."

"जावई आठवड्याला हितनं जातो. महानंदा लातूरला येती ती हितनंच. मागच्या दिवाळीत मी तिला म्हणलो, लेकरांना घोडमान दाखवून आण. तर म्हणती, आणते अप्पा. गुढीपाडव्याला म्हणती, दाखवली, लई खूश झाली लेकरं. म्हंजी मी तिच्यापासून लपवायलो, आन् ती माझ्यापासून."

मी आरशात मंगलकडं पाहिलं. ती बाहेर बघत होती.

लोह्यात महानंदाचं घर लांबूनच ओळखू आलं. मांडव, झेंडूचं तोरण, दारात जोड्यांचा ढीग, स्पीकरवर भजन. मी गाडी अगदी मांडवाला खेटून लावली, धावत जाऊन अप्पांचं दार उघडलं, आणि त्यांच्या कानाशी लागलो. मी तयारीत होतो. आयुष्यात एखादी गोष्ट नीट करायची म्हणून मी पायऱ्या दोनदा मोजल्या होत्या. "पाच पायऱ्या, अप्पा. डावीकडं कठडा आहे. जोडे उजवीकडं."

अप्पा उतरले, पण तिथून हलले नाहीत.

महानंदा हळदीची वाटी हातात घेऊनच बाहेर आली. नवी इरकल, कपाळभर घाम, मागं बायकांचा घोळका. "आलाव का अप्पा! किती उशीर! घोडमानेवर थांबला असाल, मला म्हाईत हाय," ती हसत म्हणाली.

"महानंदा," अप्पा म्हणाले, "हात दे, बाई."

आणि त्यांनी हात पुढं केला. भजनाचा आवाज मोठा होता. तिचा आवाज नेमका कुठून आला ते त्यांना कळलं नाही. हात मांडवाच्या खांबाकडं गेला होता.

महानंदा खळखळून हसली. "अवो अप्पा, मी हिकडं हाय की! त्या खांबाला काय घरात नेताव?" बायकाही हसल्या.

अप्पांनी हात मागं घेतला नाही. बोटं उघडी ठेवून, खांबापासून वीतभर अंतरावर, तसाच धरून उभे राहिले. महानंदाचं हसू अजून तोंडावर होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग मंगलकडं. मग परत त्या हाताकडं पाहिलं, आणि तिच्या हातातली हळदीची वाटी पाचही पायऱ्या उतरत खाली आली.